घाट चढून थांबल्यावर चालू न होणारी बुलेट : एक प्रकरण अभ्यास

गाडी आणि तक्रार

या प्रकरणातली गाडी १९७९ सालची ३५० बुलेट आहे. बिडाचा सिलिंडर, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोक, म्हणजे ३४६ सीसी. सहा व्होल्टची बॅटरी, पॉइंट आणि कॉइलचे इग्निशन (पॉइंट हा कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच; तो उघडताच कॉइल प्लगवर ठिणगी पाडते), किक उजव्या पायाला आणि गिअरही उजव्याच पायाला. मालक साताऱ्याचे, निवृत्त. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली आणि तेव्हापासून घरातच असलेली. तिची निगा चांगली राखलेली होती हे आधीच नमूद करतो, कारण दुर्लक्षित गाडीत दहा दोष एकदम सापडतात, ते सगळे दुरुस्त केले जातात आणि मूळ तक्रारीला त्यांतला नेमका कोणता कारणीभूत होता हे मग कोणालाच सांगता येत नाही.

तक्रार अशी होती. सकाळी गार इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते. वाईमार्गे पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचेपर्यंत गाडी कुठेही अडखळत नाही, ओढही कमी होत नाही. तेथे चहा घेऊन परत निघताना मात्र किका मारून माणूस घामाघूम होतो, पण इंजिन एक फटकासुद्धा मारत नाही. पाऊण तास गाडी सावलीत उभी राहिली, की पहिल्या-दुसऱ्या किकला निमूटपणे चालू होते. रस्ता उताराचा मिळाला तर मालक गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून ती चालू करत, आणि तशी ती बहुधा होत असे. ढकलून चालू होते पण किकने होत नाही, याचा अर्थ सर्वांनी ‘किकमध्ये जोर कमी पडतो’ असा घेतला होता. मालकांचे वय लक्षात घेता तो तर्क सभ्यपणाने मांडला जाई, पण मांडला जाई खरा.

आधी झालेले उपाय

गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी निरनिराळ्या मिस्त्रींनी बरेच काही केलेले होते. कार्बोरेटरचा संपूर्ण किट बदलला होता. प्लग वारंवार बदलले गेले होते. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू न देणारा कपॅसिटर) यांचा नवा संच बसवला होता, ठिणगीचे टायमिंग पुन्हा लावले होते, व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट दोनदा तपासले होते. शेवटच्या गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन मरते, बोअर करावा लागेल’ (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन घालावा लागेल) असा सल्ला मिळाला आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक तेथून परत फिरले.

यातला प्रत्येक उपाय मूर्खपणाचा होता असे मुळीच नाही. प्रत्येक मिस्त्रीने समोर दिसलेल्या खुणेवरूनच निष्कर्ष काढला होता. अडचण अशी की त्यांच्यासमोर गाडी आली ती गार होऊन, किंवा घाटावरून टेंपोत घालून आणलेली. तापल्यावर दिसणारा आणि निवल्यावर नाहीसा होणारा दोष गार गाडीत शोधायचा म्हटले, की अनुभवाच्या जोरावर अंदाज करणे एवढेच हाती उरते. अंदाज चुकला की भाग बदलला जातो, आणि बदललेला भाग नवा असल्यामुळे पुढचा मिस्त्री त्याच्याकडे पाहतच नाही. या गाडीच्या बाबतीत एका मिस्त्रीचे शब्द मालकांना तोंडपाठ होते : “काका, कंडेन्सर नवा आहे, तिकडे बघूच नका.”

थांबण्याच्या वेळेवरून मिळालेली दिशा

हत्यारांना हात लावण्यापूर्वी मालकांशी सविस्तर बोलून एकच गोष्ट निश्चित केली : इंजिन बंद केल्यापासून किती वेळाने गाडी चालू होत नाही. उत्तर अपेक्षेपेक्षा नेमके मिळाले. रस्त्यात पत्ता विचारायला इंजिन बंद करून मिनिटभर थांबले तर गाडी लगेच चालू होते. पाच मिनिटांनंतर त्रास सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटांच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि चाळीस मिनिटांनंतर संपतो.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. दोष केवळ सिलिंडरच्या आतल्या उष्णतेने होत असता, उदाहरणार्थ तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसता, तर इंजिन बंद केल्या क्षणी तो सर्वांत तीव्र असायला हवा होता, कारण त्या क्षणी व्हॉल्व्ह आणि हेड सर्वांत गरम असतात आणि तेथून पुढे ते निवतच जातात. येथे उलट होते : बंद केल्यानंतर काही मिनिटे दोष वाढत जात होता. इंजिन चालू असताना त्याभोवतीच्या भागांना वारा लागतो, कार्बोरेटरमधून गार पेट्रोल वाहत असते. इंजिन बंद होते तेव्हा वारा आणि पेट्रोलचा प्रवाह दोन्ही थांबतात, पण एवढ्या मोठ्या बिडाच्या सिलिंडरमध्ये साठलेली उष्णता थांबत नाही. ती हेडमधून कार्बोरेटरकडे आणि क्रँककेसमधून सिलिंडरमागच्या डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सर असलेल्या डबीकडे, सरकत राहते. म्हणजे जो भाग इंजिन बंद झाल्यानंतर अधिक तापतो, तोच संशयित. या एका विचाराने बोअर, रिंगा आणि व्हॉल्व्ह यादीच्या तळाला गेले, आणि कार्बोरेटर, कॉइल व डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर वर आले.

तरीही कॉम्प्रेशन तपासले, कारण बोअरचा सल्ला मालकांच्या मनात घर करून बसला होता. गेजवर गार आणि तापलेल्या इंजिनाचे आकडे जवळजवळ सारखे आले. टॅपेट गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना पाहिले : पुशरॉड बोटांनी मोकळे फिरत होते आणि वर-खाली हलत नव्हते, म्हणजे जसे असायला हवेत तसे होते. डीकॉम्प्रेसरची (इंजिन हाताने-पायाने फिरवताना सिलिंडरमधला दाब सोडून देणाऱ्या व्यवस्थेची) केबल ताणलेली असेल तर त्याचा छोटा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि दाब गळतो. तिलाही पुरेशी ढील होती. हा विषय येथेच संपला.

दोष हजर असताना केलेली तपासणी

पाचगणीला जाऊन रस्त्याच्या कडेला तपासणी करणे गैरसोयीचे होते. साताऱ्याहून कासकडे जाताना लागणारा यवतेश्वरचा घाट मात्र हाताशी आहे. दुपारच्या उन्हात तो चढून-उतरून आल्यावर गाडी थेट गॅरेजमध्ये, पंखा बंद ठेवून, स्टँडवर लावली, आणि पंधरा मिनिटांनी तक्रार हुबेहूब समोर उभी राहिली. सर्व हत्यारे आधीच काढून मांडलेली होती. अशा तपासणीत प्लगचा पाना शोधण्यात पाच मिनिटे घालवणे परवडत नाही.

पहिली गोष्ट, किक मारण्यापूर्वी प्लग काढला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधीच्या मिस्त्रींनी दहा-पंधरा किका मारून झाल्यावर प्लग काढला होता, तो पेट्रोलने ओला निघाला होता आणि त्यावरून ‘ओव्हरफ्लो होतो’ असे अनुमान निघून कार्बोरेटरचा किट बदलला गेला होता. परंतु ठिणगी पडत नसेल तर प्रत्येक किकबरोबर आत आलेले पेट्रोल न जळता तसेच राहते आणि प्लग ओला होतोच. ओला प्लग पेट्रोल जास्त झाल्याचे जितके चिन्ह आहे, तितकेच ठिणगी नसल्याचेही आहे. किक न मारता काढलेला प्लग कोरडा होता आणि त्याचा रंग चांगला बदामी होता. सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोलचा थोडा वास मात्र येत होता; त्याची नोंद तेवढी करून ठेवली.

दुसरी गोष्ट ॲमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा काटा. जुन्या बुलेटवर हे उपकरण शोभेचे नाही. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबली, की पॉइंट मिटल्यावर काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि पॉइंट उघडल्यावर मध्यावर येतो. जाणकार स्वार याच काट्यावर नजर ठेवून, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन योग्य जागी आणतो आणि मग किक मारतो. कंडेन्सर पूर्णपणे शॉर्ट झालेला असेल तर पॉइंट उघडले तरी काटा मध्यावर परत येत नाही. या गाडीत तो येत होता. म्हणजे बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांचे प्राथमिक सर्किट जुळत होते आणि तुटतही होते. याच तपासणीच्या आधारे पूर्वी कंडेन्सर निर्दोष ठरवला गेला असावा असे दिसते.

तिसरी तपासणी ठिणगीची. प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहण्याची सर्वत्र रूढ पद्धत येथे दोन कारणांनी अपुरी पडते. एक तर उजेडात ठिणगीचा रंग आणि जाडी डोळ्यांना फसवतात. दुसरे असे की उघड्या हवेत ०.६ मिमीच्या गॅपमधून ठिणगी सहज उडते, पण तोच प्लग सिलिंडरच्या दाबाखाली असताना तितक्याच गॅपसाठी कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून अंतर बदलता येणारा, दोन पितळी टोकांचा साधा टेस्टर वापरला. गार असताना याच गाडीवर ठिणगी ६ मिमी अंतर खणखणीत आवाजासह पार करत होती. आता, दोष हजर असताना, ती ३ मिमीलाही चुकत होती. पडली तर पिवळट आणि बिनआवाजाची. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून अंधारात पाहिले, तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये निळसर ठिणग्या पडताना स्पष्ट दिसत होत्या. जी ऊर्जा प्लगपर्यंत जायला हवी ती पॉइंटवरच खर्च होत होती.

कॉइल आणि कंडेन्सर वेगळे करणे

आता संशयित दोनच उरले. चांगल्या स्थितीतली सहा व्होल्टची दुसरी कॉइल बाहेरून जोडली. ठिणगीत फरक पडला नाही, त्यामुळे मूळची कॉइल परत जोडली आणि कंडेन्सरकडे वळलो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्यावरच बरेच लोक चकतात. कंडेन्सर दोन तऱ्हांनी बिघडतो. एका तऱ्हेत आतला जोड सुटतो आणि त्याची धारणशक्ती नाहीशी होते. अशा वेळी दुसरा चांगला कंडेन्सर त्याला समांतर जोडला की ठिणगी लगेच सुधारते. दुसऱ्या तऱ्हेत आतल्या दोन पत्र्यांमधले इन्सुलेशन दुबळे होते आणि विशिष्ट व्होल्टेजच्या वर ते विजेला वाट करून देते. अशा वेळी समांतर जोडलेला चांगला कंडेन्सर काहीच करू शकत नाही, कारण गळतीची वाट तशीच उघडी राहते. रस्त्यावरची घाईची तपासणी बहुतेक वेळा समांतर जोडून होते आणि फरक पडला नाही की कंडेन्सर निर्दोष सुटतो.

आम्ही दोन्ही केले. प्रथम समांतर जोडून पाहिला : ठिणगी तशीच मेलेली. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरची वायर पॉइंटवरून सोडवली, तिचे टोक इन्सुलेशन टेप गुंडाळून बाजूला केले आणि बाहेरचा कंडेन्सर कॉइलच्या पॉइंटकडील टर्मिनलवर क्लिपने लावून त्याची बॉडी अर्थ केली. ठिणगीने ६ मिमी अंतर पुन्हा आवाजासह पार केले. प्लग बसवला, डीकॉम्प्रेसर दाबून काटा मध्यावर आणला आणि किक मारली. इंजिन चालू झाले. बाहेरच्या कंडेन्सरची क्लिप काढून मूळचा पुन्हा जोडला, तेव्हा दोष परत आला, आणि पुन्हा उलट केल्यावर गेला. अशी उलटसुलट खात्री केल्याशिवाय निदान पक्के मानू नये असे माझे मत आहे, विशेषतः वेळेबरोबर आपोआप बरा होणाऱ्या दोषात, कारण आपण काहीतरी बदलत असताना इंजिनही निवत असते आणि श्रेय भलत्यालाच मिळते.

काढलेला कंडेन्सर टेबलावर तपासला. मल्टिमीटरवर त्याची धारणशक्ती ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास, म्हणजे या कामासाठी योग्य आली. गार असताना आणि हेअर ड्रायरने तापवल्यावरही आकडा फारसा हलला नाही. मल्टिमीटर काही व्होल्टांवर तपासतो. पॉइंट उघडताना मात्र कॉइलच्या प्राथमिक बाजूला क्षणभर दोन-तीनशे व्होल्ट उठतात. म्हणून वायरिंगचे इन्सुलेशन तपासायचा मेगर आणून २५० व्होल्टवर पाहिले. गार कंडेन्सरचे वाचन उत्तम होते. तापवल्यानंतर ते घसरत गेले, मग स्थिर राहीनासे झाले आणि शेवटी काटा शून्याकडे पडून पुन्हा उठू लागला. निवल्यावर सर्व पूर्ववत. घाटावर चहा पिऊन होईपर्यंत डिस्ट्रिब्युटरच्या बंद झाकणाखाली हेच घडत होते.

यावरून ढकलून चालू होण्याचा उलगडाही होतो. उतारावर इंजिन किकपेक्षा वेगाने आणि सलग फिरते, अल्टरनेटर सर्किटमधले व्होल्टेज थोडे वर ढकलतो आणि एका किकऐवजी लागोपाठ अनेक ठिणग्यांची संधी मिळते. त्यांतली एखादी जेमतेम पुरेशी निघाली की काम होते. एकदा इंजिन चालू झाले की वारा लागून डिस्ट्रिब्युटर निवू लागतो. त्यामुळे चालत्या गाडीत दोष कधीच दिसला नाही.

वहीतली नोंद

मालकांना पेट्रोल आणि दुरुस्ती यांचा हिशेब वहीत लिहिण्याची सवय आहे. निदान झाल्यावर त्यांनी ती वही आणली. ‘तापल्यावर तीन-चार किका लागतात’ अशी तक्रार तिच्यात बरीच जुनी होती. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगच्या वेळी पॉइंट-कंडेन्सर नवे बसवल्याची नोंद होती, आणि ‘पाचगणीला अजिबात चालू झाली नाही’ ही पहिली नोंद मार्चमधली होती. मधल्या काळात गाडी लांब नेलीच नव्हती. मार्च लागल्यामुळे सर्वांनी दोष उन्हाळ्यावर ढकलला. सौम्य त्रास जुना, पण पूर्ण बंद पडणे नव्या कंडेन्सरनंतरचे, हे त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर उघड झाले.

बाजारात मिळणाऱ्या सुट्या कंडेन्सरच्या दर्जाविषयी येथे कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. पाकिटावर नाव कोणाचे आहे आणि आत माल कोणाचा आहे, हे अनेकदा दुकानदारालाही ठाऊक नसते. जुन्या गाडीतला मूळ कंडेन्सर चाळीस वर्षे टिकलेला असेल तर तो केवळ जुना आहे म्हणून काढून टाकण्यापूर्वी मेगरवर तपासावा, आणि नवा बसवण्यापूर्वी तोही तापवून तपासावा, एवढे मी त्यानंतर माझ्या गॅरेजपुरते ठरवले आहे.

बदली म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये दुसरा तसाच कंडेन्सर घातला नाही. ०.२२ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कंडेन्सर इंजिनापासून दूर, टाकीखाली फ्रेमला पक्क्या अर्थसह बसवला आणि त्याची वायर पॉइंटच्या टर्मिनलवर आणली. काढलेला कंडेन्सर वायर न जोडता परत जागेवर बसवून ठेवला आहे, कारण झाकण उघडल्यावर आतली मांडणी मूळची दिसावी असा मालकांचा आग्रह होता. पॉइंट ऑइलस्टोनवर घासून ०.३५ ते ०.४० मिमीच्या मर्यादेत लावले आणि गॅप बदलल्यामुळे टायमिंग पुन्हा पाहिले.

उरलेला त्रास

पुढच्या खेपेला पाचगणीहून निघताना गाडी चालू झाली, पण चार-पाच किकांनंतर आणि पेट्रोलच्या वासासह. म्हणजे वहीतली जुनी, सौम्य तक्रार आता मोकळी होऊन दिसू लागली होती. तिच्यामागे दोन कारणे निघाली.

पहिले विजेचे. बॅटरीवर ६.२ व्होल्ट असताना कॉइलच्या टर्मिनलवर, पॉइंट मिटलेले असताना, ५.२ व्होल्टच पोहोचत होते. उरलेला एक व्होल्ट इग्निशन स्विचच्या काळवंडलेल्या पितळी पट्ट्या आणि गंजलेले जोड यांत जात होता. बारा व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट गेल्याने फारसे बिघडत नाही; सहा व्होल्टमध्ये तो सहावा हिस्सा आहे. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे एवढ्या घटीने ती सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. त्यात तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ५० अंशांनी तापली तर रोध पाचव्या हिश्श्याने वाढून ऊर्जा आणखी सत्तर टक्क्यांवर येते. दोन्ही मिळून ती निम्मी होते. यांपैकी कॉइल तापणे टाळता येत नाही, पण स्विच साफ करता येतो. तो उघडून पट्ट्या घासल्या, जोड नवे केले, अर्थची वायर बदलली, आणि कॉइलवर ५.९ व्होल्ट मिळू लागले.

दुसरे कारण पेट्रोलचे. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड फायबरचा तुकडा असायला हवा; या गाडीत त्या जागी ॲल्युमिनियमचा सुबक लेथ केलेला तुकडा होता. तो कधी आणि कोणी बसवला हे वहीतही नव्हते. फायबर फुटला असेल आणि मिळाला नसेल, म्हणून कोणा कुशल टर्नरने तो मन लावून बनवला असावा. काम खरोखर सुरेख होते, फक्त ॲल्युमिनियम उष्णता अडवण्याऐवजी तत्परतेने पुढे पोचवते. इन्फ्रारेड थर्मामीटरने कार्बोरेटरचे तापमान मोजताना त्याच्या चकचकीत पृष्ठभागामुळे आकडा खोटा, बराच कमी येतो, म्हणून फ्लोट चेंबरवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीवर) काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजले. घाट चढून आल्याबरोबर चेंबर ४० अंशांच्या आतबाहेर होते. दहा-बारा मिनिटांत ते ६० च्या वर गेले.

पेट्रोलला पाण्यासारखा एकच उत्कलनबिंदू नसतो. त्याचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळत असले तरी पेट्रोलमधल्या हलक्या घटकांबरोबर मिसळून ते मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढवते. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे उकळणे आणखी लवकर सुरू होते, आणि विरळ हवेमुळे मिश्रण एरवीही थोडे दाट झालेले असते. चेंबरमध्ये पेट्रोल उकळू लागले की बुडबुडे जेटच्या वाटेने पेट्रोल वर ढकलतात आणि ते इनलेटमध्ये टपकत राहते. ‘पेट्रोल वाफ होऊन अडते’ असे पुष्कळ जण सांगतात, पण पंप नसलेल्या, टाकीतून उतरत्या वाटेने पेट्रोल येणाऱ्या गाडीत ते क्वचितच अडते. येथे ते अडले नव्हते, नको तेथे साठले होते. पहिल्या तपासणीत सिलिंडरच्या तोंडाशी आलेला वास हाच.

जाड फायबरचा तुकडा मापाने कापून, दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग घालून बसवला. त्यानंतर तशाच चढाईनंतर चेंबर ५० अंशांच्या खाली राहिले. फ्लोटची पातळी किंचित वर होती, तीही योग्य केली.

चालू करण्याची पद्धत

मालकांची किक मारण्याची पद्धत गार इंजिनासाठी निर्दोष होती, पण तापलेल्या इंजिनावरही ते सवयीने चोक ओढत आणि किकपूर्वी थ्रॉटल दोन-तीनदा फिरवत. आधीच पेट्रोल टपकलेल्या इनलेटमध्ये चोकने मिश्रण आणखी दाट होते. त्यांना असे सुचवले : उंचावर थांबायचे असेल तर इंजिन बंद करण्याआधी थोडे अलीकडेच पेट्रोल कॉक बंद करावा, म्हणजे चेंबरमधली पातळी जरा उतरते. पुन्हा निघताना चोकला हात लावू नये, काट्यावरून पिस्टनची जागा साधावी आणि थ्रॉटल किंचित उघडून एक पूर्ण किक मारावी. वास आलाच, तर इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि डीकॉम्प्रेसर दाबून चार-पाच किका माराव्यात, म्हणजे सिलिंडरमधले कच्चे पेट्रोल बाहेर जाते. त्यानंतर नेहमीप्रमाणे चालू करावी.

स्विच आणि फायबर यांपैकी सौम्य त्रासात कोणाचा वाटा किती होता, हे वेगळे करून पाहिलेले नाही. दोन्ही दुरुस्त्या एकाच बैठकीत झाल्या, कारण दोन्ही दोष उघडपणे चुकीचे होते आणि केवळ जिज्ञासेसाठी त्यांतला एक तसाच ठेवून मालकांना पुन्हा घाट चढायला लावणे योग्य वाटले नाही. कंडेन्सरच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही.

गाडी परत नेताना मालकांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का, असे विचारले. तूर्त बसवू नये असे मी सांगितले. बाजारातले बरेचसे संच बारा व्होल्टसाठी असतात. ते घ्यायचे तर कॉइल, बॅटरी, चार्जिंगची व्यवस्था आणि सर्व दिवे बदलावे लागतात. शिवाय असा संच रस्त्यात बंद पडला तर पॉइंटप्रमाणे तो कागदाच्या तुकड्याने पुसून चालू करता येत नाही. पावसाळ्यापूर्वी पॉइंटचा गॅप पाहावा, कॅमला घासणाऱ्या टाचेला बोटभर नव्हे तर टाचणीच्या डोक्याइतकेच ग्रीस लावावे, आणि कॉइलवरचे व्होल्टेज वर्षातून एकदा मोजून त्याच वहीत लिहावे, एवढेच काम त्यांच्याकडे दिले आहे.